बॉक्स स्कोअरचा शेवटचा रकाना: बास्केटबॉलमधलं प्लस-मायनस कसं वाचायचं आणि कसं मोजायचं

२२ नोव्हेंबर २०१७ रोजी ह्यूस्टन रॉकेट्सनी डेन्व्हर नगेट्सना १२५-९५ असं हरवलं. कॅमेरूनचा फॉरवर्ड लूक म्बा आ मूटे त्या सामन्यात २६ मिनिटं खेळला आणि त्याने १३ गुण केले. चांगला बचावपटू, पण पोस्टरवर झळकणारा तारा नव्हे. तरीही बॉक्स स्कोअरच्या, म्हणजे सामन्यातल्या प्रत्येक खेळाडूच्या आकडेवारीच्या तक्त्याच्या, शेवटच्या रकान्यात त्याच्या नावापुढे +५७ लिहिलं गेलं. १९९६-९७ पासूनच्या एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) नोंदींमध्ये तोवर एवढा मोठा आकडा कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. म्हणजे तो कोर्टवर असताना रॉकेट्सनी नगेट्सपेक्षा ५७ गुण जास्त केले, आणि तो बाकावर असतानाच्या २२ मिनिटांत तोच संघ २७ गुणांनी मागे पडला.

त्या रात्री तो जगातला सर्वोत्तम खेळाडू होता का? नाही. मग आकडा चुकीचा होता का? तेही नाही. गोम अशी आहे की हा आकडा असतो पाच जणांचा आणि छापला जातो एकाच्या नावापुढे. प्लस-मायनस समजून घ्यायचं तर पाचांच्या हिशेबातून एकाचा वाटा कसा शोधायचा, एवढंच शिकायचं असतं. पण ते नीट शिकायला थोडा वेळ द्यावा लागतो. म्हणून अगदी पहिल्यापासून सुरुवात करू.

आकडा नेमका कशाचा

व्याख्या एका ओळीची आहे. खेळाडू कोर्टवर असताना त्याच्या संघाने केलेले गुण, वजा त्याच वेळात प्रतिस्पर्ध्याने केलेले गुण. त्याने स्वतः बास्केट केली की नाही, पास दिला की नाही, याच्याशी काही देणंघेणं नाही. तो कोपऱ्यात नुसता उभा असताना सहकाऱ्याने थ्री-पॉइंटर मारला तरी त्याच्या खात्यात +३ जमा होतात. त्याचा माणूस त्याने घट्ट धरून ठेवला आणि दुसऱ्याच्या चुकीमुळे प्रतिस्पर्ध्याला सोपा ले-अप मिळाला, तरी त्याच्या खात्यातून २ वजा होतात.

वरवर पाहता हा अन्याय वाटतो. पण क्रिकेटच्या धावफलकाशी तुलना करून पाहा. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडू हा मुख्यतः एक फलंदाज आणि एक गोलंदाज यांच्यातला मामला असतो, त्यामुळे श्रेय वाटणं सोपं जातं. बास्केटबॉलमध्ये कुणी दमदार स्क्रीन लावतो, म्हणजे सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवून उभा राहतो, कुणी नुसता कोपऱ्यात उभा राहून एका बचावपटूला तिथे अडकवून ठेवतो, कुणी बचावात ओरडून इतरांना जागेवर आणतो. गुण, रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर चेंडू मिळवणं), असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास) यांच्या रकान्यांत यातलं काहीच येत नाही. प्लस-मायनसमध्ये ते सगळं येतं, फक्त कुणाचं किती हे वेगळं करून मिळत नाही. मला हा आकडा आवडतो तो याच कारणासाठी. ज्याचं काम कुठल्याच रकान्यात बसत नाही, त्याला निदान इथे तरी जागा आहे.

ही कल्पना मूळची आइस हॉकीची. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हा संघ १९५० च्या दशकातच अशी नोंद ठेवत होता. एनबीएच्या बॉक्स स्कोअरमध्ये हा रकाना दिसू लागला २००७-०८ च्या हंगामापासून, मात्र प्रत्येक खेळीची क्रमवार नोंद १९९६-९७ पासूनची उपलब्ध असल्याने मागचे आकडेही काढता येतात. त्याआधीचे अधिकृत आकडे मिळत नाहीत. म्हणूनच मायकेल जॉर्डनच्या ऐन बहरातल्या वर्षांचं प्लस-मायनस कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर सावध राहा.

एकदा हाताने मोजून बघा

नुसतं वाचून हे पुरतं उमगत नाही, एक क्वार्टर तरी स्वतः मोजायला हवा. आपल्याकडच्या सामन्यांसारखा दहा मिनिटांचा क्वार्टर घेऊ. आपल्या संघातून ४, ५, ६, ७ आणि ८ क्रमांकाचे खेळाडू सुरुवात करतात.

सहा मिनिटं शिल्लक असताना स्कोअर ९-१२, आपण मागे. कोच ८ ला बाहेर बोलावून ९ ला आत पाठवतात. हा पहिला तुकडा संपला, फरक −३.

अडीच मिनिटं शिल्लक असताना स्कोअर १७-१४. या तुकड्यात आपण ८ केले, त्यांनी २. फरक +६. आता ५ बाहेर, १० आत.

क्वार्टर संपताना स्कोअर २०-२१. शेवटच्या तुकड्यात आपले ३, त्यांचे ७. फरक −४.

आता प्रत्येकाने ज्या-ज्या तुकड्यात खेळ केला त्यांची बेरीज करायची. ४, ६ आणि ७ तिन्ही तुकड्यांत होते: −३ +६ −४ म्हणजे −१. पाच क्रमांकाचा पहिल्या दोन तुकड्यांत होता: +३. आठ फक्त पहिल्यात: −३. नऊ शेवटच्या दोनांत: +२. दहा फक्त शेवटच्यात: −४.

लक्षात घ्या, प्रत्येक बास्केटला कोण-कोण कोर्टवर होतं हे लिहीत बसावं लागलं नाही. फक्त बदली झाली त्या क्षणाचा स्कोअर लिहिला की काम भागतं. नवशिके इथेच दमतात. ते प्रत्येक गुणाला पाच-पाच नावांपुढे खुणा करायला जातात आणि दुसऱ्या क्वार्टरपर्यंत वही बंद होते.

एकच अडचणीची जागा आहे, फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट. फाउल झाला तेव्हा एक खेळाडू कोर्टवर होता आणि दोन फ्री थ्रोंच्या मध्ये बदली झाली, तर दुसरा गुण कुणाच्या खात्यात? ज्याच्या उपस्थितीत फाउल झाला त्याच्या खात्यात टाकणं मला जास्त योग्य वाटतं, कारण तो गुण ज्या खेळीतून मिळाला ती त्या पाच जणांची होती. पण कुठलाही एक नियम ठरवा आणि हंगामभर तोच पाळा.

बेरीज जुळते का ते तपासा

हिशेब बरोबर आहे का, हे पडताळायची एक सोपी युक्ती आहे. कोर्टवर कायम पाच जण असतात, त्यामुळे संघातल्या सगळ्यांच्या प्लस-मायनसची बेरीज ही अंतिम फरकाच्या पाचपट यायला हवी. आपल्या उदाहरणात क्वार्टर एका गुणाने गमावला, म्हणून बेरीज −५ हवी. करून बघा: −१, −१, −१, +३, −३, +२, −४. बरोबर −५. जुळली नाही तर कुठली तरी बदली निसटली आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचे दोन सामने झाले होते. पहिला पेसर्सनी ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा जिंकला, दुसरा १३०-१०६. पहिल्या सामन्यात पेसर्सच्या सगळ्या खेळाडूंची मिळून बेरीज फक्त +५ येणार, दुसऱ्यात +१२०. ओव्हरटाइमही हिशेबात धरला जातो. म्हणजे एका गुणाच्या विजयात कुणी +१५ असेल, तर त्याच संघातल्या बाकीच्यांची मिळून बेरीज −१० असणारच. अटीतटीच्या सामन्यातला हा रकाना वाचायला म्हणूनच जास्त मजा येते. तीस गुणांच्या एकतर्फी सामन्यात बहुतेकांच्या नावापुढे अधिकचीच खूण असते आणि त्यातून विशेष काही कळत नाही.

एका सामन्याचा आकडा कसा वाचावा

सकाळी उठून एनबीएचा बॉक्स स्कोअर उघडला, एका खेळाडूपुढे −१८ दिसलं. लगेच मत बनवू नका. आधी क्रमाने काही गोष्टी तपासा.

आधी मिनिटं बघा. आठ मिनिटांत −१८ आणि छत्तीस मिनिटांत −१८ या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आठ मिनिटांत एखादी वाईट लाट अंगावर येते, तेवढंच. मग अंतिम फरक बघा. संघ २५ ने हरला असेल तर −१८ वाला खेळाडू बाकीच्यांच्या तुलनेत वाईट ठरतोच असं नाही.

त्यानंतर तो कुणाबरोबर खेळला ते बघा. सुरुवातीच्या पाचांत असणारा खेळाडू बहुतेक वेळ आपल्या ताऱ्यांबरोबर आणि समोरच्या ताऱ्यांविरुद्ध खेळतो. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला येणारा राखीव गार्ड दोन्ही बाजूंच्या राखीव फळीत खेळतो. ज्या संघाचा मुख्य खेळाडू बसला की सगळं कोसळतं, त्या संघातल्या राखीव सेंटरचा आकडा जवळजवळ कायम उणे असतो. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष किती, हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही.

आणि मग नशीब. याला लोक फार कमी लेखतात. प्रतिस्पर्ध्याने तुम्ही कोर्टवर असताना थ्री-पॉइंटरचे दहा प्रयत्न केले असं समजा. एनबीएत साधारण ३६ टक्के थ्री-पॉइंटर पडतात, म्हणजे तीन-चार पडायला हवेत. पण दहापैकी सहा पडणं किंवा दोनच पडणं, दोन्ही अगदी नेहमीच्या गोष्टी आहेत. या दोहोंत फरक किती? चार शॉट, बारा गुण. बचाव तोच, मेहनत तीच, आणि प्लस-मायनस बारा गुणांनी इकडचं तिकडे. फ्री थ्रोचं तर विचारूच नका. समोरचा खेळाडू रेषेवर उभा राहून किती फ्री थ्रो पाडतो यावर तुमचा काडीचाही ताबा नसतो, तरी ते गुण तुमच्या खात्यातून वजा होतात.

म्हणून एका सामन्यातला दहा-बाराच्या आतला आकडा, अधिक असो की उणे, मी खेळाडूच्या दर्जाचा पुरावा म्हणून धरतच नाही. त्याहून मोठा असेल तर त्या तुकड्याची चित्रफीत पुन्हा बघायची, एवढाच त्याचा अर्थ. काय झालं हे चित्रफीत सांगते, नेमकं कुठे बघायचं हे प्लस-मायनस सांगतं.

एका सामन्यात हा आकडा किती बोलका ठरू शकतो, याचं उत्तम उदाहरण म्हणजे १२ मे २०१९ चा टोरंटो रॅप्टर्स आणि फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स यांच्यातल्या प्लेऑफ मालिकेचा सातवा, निर्णायक सामना. कवाय लेनर्डचा शेवटचा शॉट रिंगवर चार टप्पे घेऊन आत पडला आणि फिलाडेल्फिया ९२-९० ने हरला. पराभूत संघाचा सेंटर जोएल एम्बीड ४५ मिनिटं खेळला आणि त्याचा आकडा होता +१०. आता वजाबाकी करा. संघ दोनने हरला, एम्बीड असताना दहाने पुढे. म्हणजे तो बसला त्या जेमतेम तीन मिनिटांत संघ बारा गुणांनी मागे पडला. सगळी चर्चा त्या चार टप्प्यांची झाली, पण सामना निसटायला ती तीन मिनिटंही तितकीच कारणीभूत होती. यातून एम्बीडच्या जागी आलेला खेळाडू कुचकामी होता असं मात्र सिद्ध होत नाही. तीन मिनिटांत काहीही होऊ शकतं. सिद्ध होतं ते एवढंच, की फरक कुठल्या मिनिटांत पडला.

शंभर पझेशनचा हिशेब आणि ऑन-ऑफ

हंगामभराचे आकडे घेतले की नशिबाचा वाटा कमी होतो, पण दुसरा प्रश्न येतो. जो जास्त मिनिटं खेळतो त्याचा आकडा आपोआप फुगतो. शिवाय काही संघ भराभर खेळतात, काही संथ. म्हणून एकूण आकड्याऐवजी दर शंभर पझेशनमागे किती, असा हिशेब करतात. पझेशन म्हणजे चेंडू ताब्यात आल्यापासून तो प्रतिस्पर्ध्याकडे जाईपर्यंतचा एक डाव.

पझेशन मोजलेली नसतील तर बॉक्स स्कोअरवरून अंदाज काढता येतो. फील्ड गोलचे एकूण प्रयत्न घ्या, त्यात फ्री थ्रोच्या प्रयत्नांची ०.४४ पट मिळवा, ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपलाच शॉट हुकल्यावर परत मिळवलेला चेंडू) वजा करा आणि टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेला चेंडू) मिळवा. एखाद्या संघाचे ८८ प्रयत्न, २२ फ्री थ्रो, १० ऑफेन्सिव्ह रिबाउंड आणि १३ टर्नओव्हर असतील, तर ८८ + ९.६८ − १० + १३, म्हणजे साधारण १०१ पझेशन. ०.४४ कशासाठी? बहुतेक वेळा दोन फ्री थ्रोंनी एक पझेशन संपतं, म्हणून अर्ध्याच्या आसपासची पट. पण बास्केट झाल्यावर मिळणारा जादा फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाउलचा फ्री थ्रो यांनी नवीन पझेशन खर्च होत नाही, म्हणून अर्ध्याहून थोडी कमी.

आता ऑन-ऑफ काढू. समजा दहा सामन्यांत एक खेळाडू कोर्टवर असताना ६०० पझेशन झाली, संघाने ६३० गुण केले आणि ६०० दिले. दर शंभरामागे १०५ विरुद्ध १००, म्हणजे +५. तो बाकावर असताना ४०० पझेशन झाली, ३९२ गुण केले, ४०४ दिले. दर शंभरामागे ९८ विरुद्ध १०१, म्हणजे −३. दोहोंतला फरक +८. हा त्याचा ऑन-ऑफ.

हा आकडा साध्या प्लस-मायनसपेक्षा बराच बरा, कारण मुळातच बलाढ्य संघात असल्याचा फायदा त्यातून बऱ्याच अंशी वजा होतो. सापळा मात्र आहेच. ऑन-ऑफमध्ये खेळाडूची तुलना त्याच्या जागी येणाऱ्याशी होते. ज्याचा राखीव खेळाडू दुबळा, त्याचा ऑन-ऑफ उजळतो. ज्याच्या मागे तितकाच तयार खेळाडू बसलेला आहे, त्याचा फिका दिसतो. एकाच दर्जाचे दोन सेंटर दोन वेगळ्या संघांत असतील तर ऑन-ऑफ दोन वेगळ्या गोष्टी सांगेल. एनबीएच्या अधिकृत संकेतस्थळावर आणि बास्केटबॉल-रेफरन्सवर हे आकडे तयार मिळतात. ते बघताना राखीव फळीत कोण आहे हे माहीत नसेल, तर आधी ते बघून या.

ग्रीन की करी?

२०१५-१६ चे गोल्डन स्टेट वॉरियर्स घ्या. ८२ पैकी ७३ सामने जिंकणारा तो संघ. पूर्ण हंगामात त्यांनी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा ८८२ गुण जास्त केले. आणि ड्रेमंड ग्रीनचं त्या हंगामातलं प्लस-मायनस होतं हजाराच्याही वर. संघाच्या एकूण फरकापेक्षा जास्त! याचा सरळ अर्थ, ग्रीन बाकावर असताना तो ऐतिहासिक संघही उण्यातच होता. त्या हंगामात ग्रीनची सरासरी होती सामन्याला १४ गुणांची. फक्त गुण बघणाऱ्याला तो संघातला तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू वाटेल.

पण स्टीफन करीचा आकडाही त्याच्या मागोमागच होता, आणि दोघे बहुतेक वेळ एकत्रच खेळत. मग श्रेय कुणाचं? ज्या प्रश्नाने या विषयातल्या जाणत्यांना वर्षानुवर्षं कामाला लावलं तो हाच.

उत्तराची दिशा छोट्या उदाहरणातून दाखवतो. अ आणि ब असे दोन खेळाडू. बाकीचे सगळे, प्रतिस्पर्धी धरून, सर्वसाधारण दर्जाचे आहेत असं माना. दोघे एकत्र ८०० पझेशन खेळले, दर शंभरामागे +१०. एकटा अ ८०० पझेशन खेळला, दर शंभरामागे +७. एकटा ब फक्त २०० पझेशन खेळला, दर शंभरामागे +३.

साधं प्लस-मायनस काढा. अ: ८० + ५६ = १३६ गुण, १,६०० पझेशनमध्ये, म्हणजे शंभरामागे +८.५. ब: ८० + ६ = ८६ गुण, १,००० पझेशनमध्ये, म्हणजे +८.६. कागदावर ब किंचित पुढेच! खरं तर अ चा वाटा ७ आहे आणि ब चा ३. ब चा बहुतेक वेळ अ च्या सावलीत गेला, म्हणून त्याचा आकडा फुगला. ते वेगळं करता आलं याचं एकमेव कारण म्हणजे दोघे कधीकधी एकेकटेही खेळले.

यालाच समायोजित प्लस-मायनस म्हणता येईल. एनबीएच्या एका हंगामात पाच विरुद्ध पाच असे हजारो तुकडे असतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक समीकरण: या पाचांची बेरीज, वजा त्या पाचांची बेरीज, बरोबर त्या तुकड्यातला फरक. सगळी समीकरणं एकदम सोडवून प्रत्येक खेळाडूचा असा आकडा काढायचा की एकूण चूक कमीत कमी राहील. संख्याशास्त्र शिकलेल्यांना यात नेहमीचं रिग्रेशन दिसेल. वेन विन्स्टन आणि जेफ सॅगारिन या दोघांनी २००० च्या सुमारास डॅलस मॅव्हरिक्ससाठी याच वाटेवरची पद्धत बांधली. संघाचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन हे इंडियाना विद्यापीठात विन्स्टन यांचे विद्यार्थी होते. पुढे २००४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ डॅन रोझेनबॉम यांनी अशी पद्धत जाहीरपणे मांडली आणि संघांच्या कार्यालयांबाहेरचे लोकही ती वापरू लागले.

अडचण उरते ती एकत्रच खेळणाऱ्या जोड्यांची. अ आणि ब कधीच वेगळे खेळले नाहीत तर +१० हे ७ अधिक ३ आहे, ९ अधिक १ आहे की १४ उणे ४, हे कुठलंही गणित सांगू शकत नाही. अशा वेळी रिग्रेशन वाटेल ते टोकाचे आकडे देतं. यावर जो उपाय आला त्यात पुरेसा पुरावा नसेल तर प्रत्येकाचा आकडा शून्याकडे, म्हणजे सर्वसाधारण खेळाडूकडे ओढला जातो. जो सिल यांनी २०१० मध्ये हा उपाय बास्केटबॉलसाठी मांडला. आरएपीएम या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी आकडेवारी ती हीच. थोड्या पुराव्यावर मोठा दावा न करणं तिच्या रचनेतच आहे, म्हणून या सगळ्या कुटुंबात माझा सर्वात जास्त भरवसा तिच्यावर. त्यातही एका हंगामापेक्षा दोन-तीन हंगामांची मिळून काढलेली घ्यावी.

नाव तेच, जात वेगळी

एक गफलत सर्रास होते. बीपीएम, म्हणजे बॉक्स प्लस-मायनस, या नावात प्लस-मायनस असलं तरी तो आकडा स्कोअरच्या फरकावरून खेळाडूगणिक मोजलेला नसतो. डॅनियल मायर्स यांनी तो बांधला आहे. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील वगैरे नेहमीच्या रकान्यांवरून खेळाडूचा प्रभाव किती असावा याचा तो अंदाज असतो, आणि मग तो संघाच्या एकूण कामगिरीशी जुळवून घेतात. शून्य म्हणजे सर्वसाधारण. निकोला योकिचचा २०२१-२२ चा आकडा होता १३.७. यावरून टोकाचं शिखर कुठे आहे याचा अंदाज येईल. बॉक्स स्कोअरवर आधारित असल्याने बीपीएम १९७३-७४ पर्यंत मागे नेता येतो, हा त्याचा मोठा फायदा. तोटाही त्याच मुळातून येतो. जे बॉक्स स्कोअरमध्ये दिसत नाही ते त्यालाही दिसत नाही, आणि बचावाचा बराच भाग तसाच असतो.

कोच याचं काय करतात

२०११ च्या अंतिम मालिकेत मायामी हीटविरुद्ध मॅव्हरिक्स तीन सामन्यांनंतर १-२ असे मागे होते. चौथ्या सामन्यात कोच रिक कार्लाइल यांनी डेशॉन स्टीव्हनसनला बसवून जे. जे. बारेया या बुटक्या गार्डला सुरुवातीच्या पाचांत आणलं. पहिल्या तीन सामन्यांत बारेयाचे शॉट पडत नव्हते, म्हणून नुसते त्याचे गुण पाहणाऱ्याला हा बदल उलटा वाटला असता. पुढचे तिन्ही सामने जिंकून मॅव्हरिक्स विजेते झाले. लाइनअपचा, म्हणजे कोर्टवरच्या पाच जणांच्या जुळणीचा, अभ्यास करणारे रोलंड बीच तेव्हा संघाबरोबरच होते. असा निर्णय एका आकड्यावर होत नसतो, पण कोणते पाच जण एकत्र आल्यावर संघ पुढे सरकतो हा प्रश्न विचारण्याची सवय त्या संघाला दहा वर्षांपासून होती.

दुसरं नाव शेन बॅटियरचं. कारकिर्दीत सरासरी नऊ गुणांच्याही आत असलेला हा खेळाडू ह्यूस्टनला हवाहवासा वाटला, कारण तो कोर्टवर असला की संघाचे आकडे सुधारत. समोरच्या ताऱ्याला त्याच्या नावडत्या जागेवरून शॉट घ्यायला लावणं हे त्याचं काम. त्यासाठी बॉक्स स्कोअरमध्ये रकानाच नाही.

तुमच्या संघासाठी नोंदवही

शाळेचा, कॉलेजचा किंवा क्लबचा संघ असेल तर हे सगळं एका वहीवर करता येतं. बाकावर बसलेल्या एकाला फक्त हेच काम द्या. चार रकाने आखा: वेळ, कोर्टवरच्या पाच जणांचे क्रमांक, आपला स्कोअर, त्यांचा स्कोअर. बदली झाली की नवी ओळ. क्वार्टर संपला की नवी ओळ. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत बदली फक्त खेळ थांबलेला असतानाच होते, त्यामुळे लिहायला वेळ मिळतो. सामन्यानंतर दोन ओळींमधली वजाबाकी आणि शेवटी पाचपटीची तपासणी.

एकेकट्या खेळाडूंचे आकडे काढण्याआधी मी जोड्यांचे आकडे काढायला सांगेन. एका संघात आठ-नऊ जण खेळतात, त्यातून कोणते दोन गार्ड एकत्र असले की चेंडू नीट पुढे जातो, कोणते दोन उंच खेळाडू एकत्र असले की रिबाउंड मिळतात पण धाव कमी पडते, हे कोचला रोज सतावणारे प्रश्न असतात. जोडीच्या आकड्यांत एकाच मुलावर बोट रोखलं जात नाही, ही त्यातली आणखी एक चांगली गोष्ट.

दुबळ्या संघाविरुद्धचे सामने वेगळे ठेवा. जिल्हा स्पर्धेच्या पहिल्या फेरीत ५०-१२ अशा निकालात जो शेवटचा अर्धा तास खेळला त्याचं +२० आणि उपांत्य फेरीतल्या कुणाचं +४ एकाच यादीत टाकलं तर सगळी यादी वाया जाते. निकाल लागून गेल्यावरची मिनिटंही वेगळी काढा. चौथ्या क्वार्टरमध्ये वीसहून जास्त फरक पडला की पुढच्या ओळींपुढे खूण करायची, एवढं पुरतं.

शालेय हंगामात सामने मोजकेच असतात, त्यामुळे गणिताने अ आणि ब वेगळे करणं तिथे शक्य नसतं. ते काम सरावात करा. जे दोघे सामन्यात कायम एकत्र खेळतात त्यांना सरावाच्या सामन्यांत मुद्दाम विरुद्ध संघांत टाका, पाच-पाच मिनिटांचे डाव घ्या, प्रत्येक डावाला बाकीचे खेळाडू बदला आणि त्याच वहीत नोंद ठेवा. कोण कुणाशिवायही संघ पुढे नेतो, ते काही आठवड्यांत दिसू लागतं. ही वही मुलांच्या हातात देताना मात्र शेजारी चित्रफीत किंवा निदान तो तुकडा आठवणारा कोच असू द्या. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला नावापुढे −१४ एवढंच दाखवू नका. त्या चौदापैकी समोरच्यांचे लांबून पडलेले शॉट किती, सोडून दिलेले रिबाउंड किती आणि त्याच्या माणसाने केलेले गुण किती, हे त्याच्याबरोबर बसून मोजा.